हेडफोन, टू-बी पेन्सिल आणि इंग्रजीचा पेपर

आमच्याकडे सीईटी म्हटलं की बारावीच्या मुलांचे आईबाप देव पाण्यात घालून बसतात. चीनमध्ये सीईटी म्हटलं की घाबरतात ती कॉलेजातली मुलं, आणि तीही इंग्रजीच्या नावाने. तिकडे सीईटी म्हणजे कॉलेज इंग्लिश टेस्ट. तिची एक पातळी सीईटी-4, त्यावरची सीईटी-6. मुलं आपसात नुसतं ‘स-जी’ म्हणतात, म्हणजे ‘चौथी पातळी’. 1987 पासून चालू असलेली ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, जूनला आणि डिसेंबरला. सीईटी-4 ला किमान 425 गुण असल्याशिवाय सीईटी-6 ला बसता येत नाही आणि कित्येक नोकऱ्यांच्या जाहिरातींत हाच आकडा मागतात.

मी ही परीक्षा दिलेली नाही. मी हर्णैची, म्हणजे कोकणातल्या दापोलीजवळच्या मासेमारी बंदराची; दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावी दापोलीला, आणि 2012 साली एमबीबीएससाठी थेट चीनला. तिथे फार्मसी शिकणाऱ्या एका मुलीशी माझा करार होता: आठवड्यातून तीन संध्याकाळी तिने मला चिनी शिकवायचं, मी तिला इंग्रजी. डिसेंबर 2015 ला तिला स-जीमध्ये 398 मिळाले. जून 2016 ला पुन्हा बसली तेव्हा 461. या सहा महिन्यांत आम्ही दोघींनी जे केलं तेच मी पुढे 2020 मध्ये इथे, हर्णैला, माझ्या मावसबहिणीवर वापरलं. ती बीएस्सी नर्सिंग झालेली, इंग्लंडला जायचं म्हणून आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, देणार होती. परीक्षा वेगळी, देश वेगळा, पण अडचण हुबेहूब तीच: वाचलं की समजतं, कुणी बोललं की कानावरून जातं.

तेव्हा हे त्यांच्यासाठी, जे मराठी शाळेतून आलेत आणि ज्यांना आयईएलटीएस किंवा तसलीच एखादी परीक्षा द्यायची आहे. क्लासच्या फीएवढे पैसे नसले तरी चालेल. चार-सहा महिने मात्र हवेत.

आधी पेपरचं वजन करा

माझ्या मैत्रिणीची पहिली चूक कष्ट कमी पडले ही नव्हती. ती रोज सहा तास बसायची. चूक ही की ती चुकीच्या टोपलीवर बोली लावत होती.

सीईटी-4 एकूण 710 गुणांची. त्यात ऐकणं 35 टक्के, वाचन 35 टक्के, निबंध 15 आणि भाषांतर 15. आता आत शिरा. वाचनात एक प्रकार असतो: उताऱ्यात दहा गाळलेल्या जागा आणि खाली पंधरा शब्द, त्यातले दहा निवडून भरायचे. दिसायला कोड्यासारखा, म्हणून मुलांना आवडतो. पण दहाही बरोबर आले तरी मिळतात पाच टक्के. एका जागेला साडेतीन गुण. त्याच वाचनात दोन छोटे उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न, आणि तिथे एका प्रश्नाला दोन टक्के, म्हणजे चौदा गुण. ऐकण्यातही तसंच. बातम्या आणि संभाषणांच्या प्रश्नाला प्रत्येकी एक टक्का, शेवटच्या तीन उताऱ्यांवरच्या दहा प्रश्नांना प्रत्येकी दोन. म्हणजे छोट्या उताऱ्यांचे दहा आणि ऐकायच्या उताऱ्यांचे दहा, एवढ्या वीस प्रश्नांत पेपरचे 40 टक्के.

आमची ही मैत्रीण गाळलेल्या जागांवर वीस-वीस मिनिटं घालवत होती. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालतो तो ज्याने बघितलाय त्याला कळेल: पापलेटची टोपली समोरून गेली आणि आपण मांदेलीवरून घासाघीस करत बसलोय.

म्हणून पहिलं काम अभ्यास नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने स्वतः दिलेला नमुना पेपर काढा, वहीत रेघा मारून लिहा: कुठला भाग, किती प्रश्न, किती मिनिटं, एका प्रश्नाला किती गुण. आयईएलटीएसमध्ये ऐकण्याचे 40 प्रश्न साधारण अर्ध्या तासात, वाचनाचे 40 प्रश्न एका तासात, लेखनाचे दोन प्रश्न एका तासात, बोलणं 11 ते 14 मिनिटं. तिथे प्रत्येक प्रश्नाला एकच गुण, पण अवघड प्रश्न शेवटी येतात. म्हणजे सोप्यात एकही गुण सांडायचा नाही, हा वेगळा हिशोब. लेखनात दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या दुप्पट वजन. हा तक्ता भिंतीवर लावा. आमच्याकडे तो फडताळाच्या दारावर होता, शेजारी कालनिर्णय.

आणखी एक. तुम्हाला नक्की किती हवेत ते आधीच बघून ठेवा. बहिणीला ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलसाठी ऐकणं, वाचन, बोलणं यांत प्रत्येकी नऊपैकी 7 आणि लेखनात 6.5 हवे होते. चारही आकडे वेगवेगळे पुरे व्हायला लागतात. ऐकण्यात 8.5 काढून लेखनात 6 आले तर वरचे दीड काही उपयोगाचे नाहीत.

‘अबॅन्डन’चा रोग

चीनमध्ये पहिल्या हिवाळ्यात मला पहाटे खाली तळ्याकाठी आरडाओरडा ऐकू आला. वाटलं भांडण लागलंय. गॅलरीतून बघते तर वीसेक मुलंमुली, एकेकटी झाडाखाली उभी राहून, हातात पुस्तक घेऊन इंग्रजी शब्द ओरडतायत. तिथे ही रीतच आहे, सकाळी मोठ्याने पाठांतर.

सीईटी-4 साठी साधारण साडेचार हजार शब्द यायला हवेत असं धरतात. त्याची पुस्तकं एबीसीच्या क्रमाने असतात आणि पहिला शब्द असतो ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणं. सगळ्या चीनमध्ये हा विनोद आहे: दर सत्राला मुलं नव्या उमेदीने पुस्तक उघडतात, ‘अबॅन्डन’ शिकतात आणि तिथेच अबॅन्डन करतात. माझ्या मैत्रिणीच्या पुस्तकाची पहिली वीस पानं काळी पडली होती, पुढची कोरी करकरीत.

शब्द वर्णक्रमाने पाठ करू नका. जुना पेपर सोडवताना जो अडला तोच शब्द वहीत घ्या, आणि एकटा घेऊ नका, सगळं वाक्य उतरवून घ्या. दिवसाला पंधरा पुरे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने तोच परत बघायचा. बहिणीने पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करून त्या माशाच्या थर्माकोलच्या खोक्यात टाकल्या होत्या: आलेला शब्द डाव्या कप्प्यात, न आलेला उजव्या. वास यायचा, पण पद्धत चालली.

मोठ्याने वाचणं मात्र तळ्याकाठच्या मुलांकडून उचला. मनात वाचलेला शब्द कानाला ओळखू येत नाही. आमच्या आळीत पहाटे मोठ्याने इंग्रजी वाचलं तर लोक विचारपूस करायला येतात, म्हणून बहीण फत्तेदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जाऊन वाचायची. समोर सुवर्णदुर्ग, ऐकायला बगळे.

कान

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी मेख इथेच आहे.

बहीण पहिल्या दिवशी म्हणाली, “ताई, मला शब्द येतत, पन ते लोक बोलतत तेव्हा त्यात ते शब्दच नसतत.” याहून नेमकं निदान मी डॉक्टर असून केलं नसतं. पुस्तकात ‘टर्न इट ऑफ’ असे तीन शब्द असतात. बोलणारा म्हणतो ‘टर्निटॉफ’. ‘इन अन अवर’चं होतं ‘इनॅनावर’. आपण शाळेत प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, मास्तरांच्या आवाजात ऐकलेला असतो.

यात इंग्रजीचा काही विशेष दोष नाही. पुण्याच्या पुस्तकावरून मराठी शिकलेल्या माणसाला बंदरावर आणून उभा करा. ‘तू काय करीत आहेस’ शिकलेल्याला ‘काय करतंस’ कळेल? आणि लिलावाचे आकडे? तिथे आमच्या दापोलीच्या पाहुण्यांनाही अर्धं कळत नाही.

उपाय चिनी मुलांकडे तयार आहे. त्याला म्हणतात ‘जिंग-थिंग’, बारकाईने ऐकणं. एका बैठकीला एकच तुकडा घ्यायचा, एक-दोन मिनिटांचा, जुन्या पेपरातला, ज्याचं लिखित रूप तुमच्याकडे आहे. पहिल्यांदा काहीही न लिहिता सगळं ऐकायचं आणि एका ओळीत मराठीत लिहायचं की कशाबद्दल होतं. मग एक वाक्य वाजवायचं, थांबवायचं, कानाला आलं तसं इंग्रजीत लिहायचं. तेच वाक्य पुन्हा. पाचपेक्षा जास्त वेळा नाही. पाचव्यांदाही कळलं नाही तर जागा मोकळी सोडून पुढे. सगळं झाल्यावर लिखित मजकुराशी ताडून बघायचं, लाल पेनाने.

आता या लाल खुणांची तीन जातींत विभागणी करा. शब्दच माहीत नव्हता. शब्द माहीत होता पण ऐकू आला नाही. ऐकू आला पण स्पेलिंग चुकलं. पहिल्या जातीला शब्दांची वही. तिसऱ्या जातीला पाठांतर. दुसरी जात हा खरा आजार, आणि त्यावर औषध एकच: ते वाक्य त्या आवाजाबरोबर, त्याच वेगाने, त्याच हेलात, स्वतः दहा वेळा म्हणायचं. तोंडाने जे जोडून म्हटलं ते पुढच्या वेळी कान सोडवून घेतो. बहिणीच्या पहिल्या आठवड्यातल्या वहीत लाल खुणांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या जातीच्या होत्या. म्हणजे शब्द नवीन शिकायची गरजच नव्हती.

एका तुकड्याला चाळीस मिनिटं जातात. रोज एवढंच करा. दिवसभर इंग्रजी सिनेमा लावून ठेवून खाली मराठी-हिंदी ओळी वाचणं म्हणजे कानाचा अभ्यास नव्हे, तो डोळ्याचा विरंगुळा.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची माडं-पोफळी आडवी झाली आणि वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. टॉवर बंद, नेट बंद. पण तुकडे मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेले होते आणि मोबाइल मावशीच्या रिक्षेच्या बॅटरीवर चार्ज व्हायचा. त्या दिवसांत तिचं ऐकणं सगळ्यात जास्त सुधारलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सांगायचं एवढंच की फाइल उतरवून ठेवा. कोकणात पावसाळ्यात नेटच्या भरवशावर अभ्यास म्हणजे विठ्ठल, विठ्ठल.

ऐकण्याचा भाग एकदाच वाजतो, हे विसरू नका. सरावाच्या तुकड्यांत थांबा, मागे जा, काहीही करा; पण आठवड्यातून एकदा सबंध भाग न थांबवता, पेन्सिल हातात घेऊन. दोन प्रश्नांच्या मधे जी शांतता असते त्यात पुढच्या प्रश्नाचे पर्याय वाचायचे, मागचा सुटला म्हणून हळहळत बसायचं नाही. सीईटी-4 मध्ये बातमीच्या पहिल्या वाक्यातच बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि जी मुलं अजून मागच्या बातमीचं दुःख करत असतात त्यांचं ते हमखास जातं. जून 2016 लाच सीईटी-4 मध्ये बातम्या पहिल्यांदा आल्या. माझ्या मैत्रिणीला बदललेल्या पेपरची इतकी धास्ती होती की आम्ही दोन महिने फक्त बातम्याच ऐकल्या.

आपल्या लोकांसाठी दोन खास खड्डे. एक, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’: जोर कुठे पडतो ते ऐका, शेवटी की सुरुवातीला. दोन, आयईएलटीएसमध्ये नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायला लावतात. तिथे ‘डबल थ्री’ म्हणतात, शून्याला ‘ओ’ म्हणतात, आणि ‘ए’, ‘ई’, ‘आय’ या अक्षरांत आपला गोंधळ होतो. त्यावर आम्ही एकच केलं: मी दवाखान्याच्या वहीतली गावांची नावं भराभर स्पेलिंगने सांगायची, तिने लिहायची. केळशी, आंजर्ले, पाजपंढरी, उटंबर. ‘पाजपंढरी’ तीन प्रयत्नांत बरोबर आलं.

वाचन

यावर फार सांगण्यासारखं नाही, कारण इथे आपली मुलं बरी असतात. फक्त वेळेत संपवत नाहीत. सीईटी-4 च्या वाचनाला 40 मिनिटं. त्यात एक लांब उतारा असतो, परिच्छेदांना अक्षरं दिलेली, खाली दहा विधानं, प्रत्येक विधान कुठल्या परिच्छेदातलं ते शोधायचं. आयईएलटीएसमध्येही याची भावंडं आहेत. उतारा आधी वाचायचा नाही. आधी विधानं वाचा, त्यातली माणसांची नावं, आकडे, वर्षं यांच्याखाली रेघ मारा, आणि मग उताऱ्यात तेवढंच शोधत जा. विधानातले बाकीचे शब्द उताऱ्यात तसेच्या तसे सापडणार नाहीत, फिरवून लिहिलेले असतात. आयईएलटीएसच्या बरोबर-चूक प्रश्नांत ‘नॉट गिव्हन’ हा तिसरा पर्याय असतो, त्याच्यापुढे मात्र आपलं सामान्यज्ञान मोडून पडतं. उताऱ्यात सांगितलेलं नाही म्हणजे नाही, मग तुम्हाला कितीही पक्कं माहीत असो. बहिणीने आरोग्याच्या उताऱ्यांत सगळ्यात जास्त चुका केल्या, कारण ती नर्स.

कागदी कंदील आणि शिमग्याची पालखी

सीईटी-4 च्या भाषांतरात चिनी भाषेतला एक छोटा परिच्छेद देतात, दीडशेच्या आसपास चिनी अक्षरांचा, आणि तो तीस मिनिटांत इंग्रजीत न्यायचा. विषय घरचेच: कागद कातरून केलेली नक्षी, कंदील, सिंहनृत्य, चहा. आयईएलटीएसमध्ये हा प्रश्न नाही. तरीही मी बहिणीकडून तो रोज करून घेतला, कारण लेखन आणि बोलणं या दोन्हींत जो माणूस अडखळतो तो इथेच बरा होतो.

चिनी मुलीला इंग्रजीत काय जड जातं ते बघून मला हसू यायचं, कारण ते माझंच होतं. चिनीत ‘अ’ नाही, ‘द’ नाही, मराठीतही नाही. चिनीत ‘काल बंदरावर भेटलेला माणूस’ असं सगळं विशेषण नामाच्या आधी येतं, मराठीत तसंच. इंग्रजीला आधी माणूस हवा, मग तो कोण, कुठे, कधी. म्हणजे मराठीत वाक्य बांधून शब्दाला शब्द ठेवला की दोघींचंही सारखंच वाकडं व्हायचं. एक फरक आपल्या बाजूने आहे. चिनी बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, आणि क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ती आपल्या वडिलांना सहज ‘शी’ म्हणायची. आपण त्यात चुकत नाही. आपण चुकतो ते ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणण्यात.

तर व्यायाम असा. आपल्या गावातल्या एका गोष्टीवर मराठीत सहा-सात वाक्यं लिहा, अगदी परक्या माणसाला सांगतोय अशी. उदाहरणार्थ: ‘शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघरी जाते. मुंबईला नोकरी करणारे चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतात. पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ज्या घरी पालखी येते तिथे अंगण सारवून रांगोळी काढलेली असते.’ आता हे तीस मिनिटांत इंग्रजीत न्या.

बहीण पहिल्याच शब्दाला अडली: चाकरमानीला इंग्रजी काय? काहीच नाही. एका शब्दाचा हट्ट सोडायचा आणि समजावून सांगायचं: ‘व्हिलेजर्स हू वर्क इन मुंबई’. झालं. चिनी मुलंही तेच करतात. कंदिलाला शब्द आहे, पण सणाच्या एखाद्या पदार्थाला नसतो. मग कशापासून करतात, कधी खातात ते लिहितात. सोलकढी म्हणजे कोकम आणि नारळाच्या दुधाचं पेय, जेवणाबरोबर पितात. तीस मिनिटांत शब्द शोधणारा हरतो, सांगणारा पास होतो.

मग ‘ज्या घरी पालखी येते तिथे’. हे ‘ज्या-तिथे’ इंग्रजीत तसं उतरत नाही. तोडा. दोन छोटी वाक्यं करा, किंवा घर आधी आणा. आणि सगळं लिहून झाल्यावर एकदा फक्त ‘अ’ आणि ‘द’ साठी वाचा, एकदा फक्त क्रियापदांच्या काळासाठी. दोन्ही एकदम बघायला गेलात तर एकही सापडत नाही.

असे साठ परिच्छेद तिने केले. आंब्याची पेटी कशी भरतात, होडीची पूजा, पाटाचं पाणी, कड्यावरचा गणपती. पुढे बोलण्याच्या परीक्षेत तिला एका सणाबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगितलं तेव्हा परीक्षकाला पालखी ऐकायला मिळाली.

निबंध

सीईटी-4 ला तीस मिनिटांत 120 ते 180 शब्द. आयईएलटीएसला वीस मिनिटांत किमान 150, चाळीस मिनिटांत किमान 250. चिनी मुलांकडे पाठ केलेल्या वाक्यांचा साठा असतो: समाजाच्या विकासाबरोबर अमुक होत आहे, प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. आपल्याकडे ‘नाऊ अ डेज’ आणि ‘सिन्स टाइम इमेमोरियल’. तपासणाऱ्याने सकाळपासून ते शंभरदा वाचलेलं असतं. सांगाडा पाठ असू द्या: पहिल्या परिच्छेदात माझं मत, मग दोन कारणं उदाहरणासकट, मग शेवट. पण वाक्यं तुमची.

इथे मी कमी पडले हे कबूल करते. मी भाषा तपासत राहिले आणि ती प्रश्नाच्या एकाच अर्ध्याला उत्तर देतेय हे माझ्या लक्षात आलं नाही. प्रश्न होता दोन बाजू सांगून स्वतःचं मत द्या. ती दोन बाजू सुंदर सांगायची आणि मत विसरायची. जानेवारी 2021 च्या परीक्षेत ऐकणं 7.5, वाचन 7, बोलणं 7, लेखन 6. अर्ध्या गुणासाठी सगळी फी पुन्हा भरायची. त्यानंतर आम्ही एक नियम केला: प्रश्नातल्या प्रत्येक मागणीला आकडा द्यायचा, एक, दोन, तीन, आणि लिहून झाल्यावर निबंधाच्या कडेला तेच आकडे शोधायचे. सापडला नाही तर वाक्य घाला, भाषा ओबडधोबड असली तरी. आणि निबंध दुसऱ्या कुणालातरी दाखवा. माझ्यासारख्या डॉक्टरला नाही, इंग्रजी शिकवणाऱ्याला.

बोलणं

स-जीची तोंडी परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक, त्यामुळे तिकडे बरीच मुलं ती देतच नाहीत. 500 गुणांची मुलगीही रस्ता विचारताना लाजते. आयईएलटीएसला सुटका नाही. रोज एक विषय, मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि स्वतःचं ऐका. लाज वाटते, वाटू द्या. ‘मायसेल्फ अमुकतमुक’ म्हणून सुरुवात करू नका. इंग्रजी उच्चार गोऱ्या माणसासारखा करायचा खटाटोप नको. आपल्या उच्चाराला गुण कापत नाहीत, न समजण्याला कापतात.

पेपरची सकाळ

शेवटच्या महिन्यात दर रविवारी सबंध पेपर, परीक्षेच्या वेळेलाच, घड्याळ लावून. सीईटी-4 सकाळी असते म्हणून माझी मैत्रीण सरावही सकाळीच करायची. रात्री अकराला येणारी उत्तरं सकाळी नऊला येत नाहीत.

चीनच्या बऱ्याच विद्यापीठांत ऐकण्याचा भाग कॅम्पसच्या एफएमवर लावतात, आणि मुलं स्वतःचे एफएमचे हेडफोन घेऊन बसतात. आदल्या दिवशी फ्रिक्वेन्सी लावून बघायची, सेल नवे घालायचे. डिसेंबरच्या पहिल्या परीक्षेत माझ्या मैत्रिणीचे सेल मधेच उतरले होते. 398 मधले किती गुण त्या दोन सेलांनी खाल्ले देव जाणे. उत्तरं टू-बी पेन्सिलने गोळे काळे करून द्यायची, आणि तिथे एक फास आहे: ऐकण्याचा भाग संपला की पहिली उत्तरपत्रिका लगेच काढून घेतात. नंतर सावकाश गोळे भरू म्हणणाऱ्याचे 35 टक्के प्रश्नपत्रिकेवरच राहतात. बहिणीच्या वेळी आयईएलटीएस कागदावर दिली तर ऐकल्यानंतर उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळायची. संगणकावर दिलीत तर फक्त दोन, तीही तपासायला. तुम्ही कुठली देताय त्याप्रमाणे सराव करा.

ओळखपत्र आदल्या रात्री पिशवीत. आयईएलटीएसला जो पासपोर्ट नोंदवला तोच लागतो. आमच्या शेजारच्या मुरूडचे महर्षी कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. आपल्याला निदान फोटो दाखवून भांडता येतं.

परीक्षा मुंबईत असेल तर त्याच दिवशी पोचायचा बेत करू नका. बहीण दोन दिवस आधी रात्रीच्या एसटीने डोंबिवलीला मामाकडे गेली. मामाने हौसेने पाहुणे बोलावले, सगळ्यांनी इंग्लंडबद्दल विचारलं, आणि रात्री एकपर्यंत गप्पा. दुसऱ्या वेळी, मार्चमध्ये, तिने मामाला तारीखच एक दिवस उशिराची सांगितली. लेखनात 6.5 आले.

ते एफएमचे हेडफोन मैत्रिणीने मी निघताना मला दिले होते. वायर लावली की मोबाइलवरही चालतात. बहिणीने वापरले, आता पाजपंढरीचा एक मुलगा घेऊन जातो, त्याला न्यूझीलंडला जायचंय. डाव्या कानाचा स्पंज उंदराने खाल्लाय. दापोलीला गेले की बदलून आणायचा आहे.